काचेतलं दूध

गोजाबाईला आपल्या हातांचा गर्व होता, आणि खोटं कशाला बोला, तो तिला शोभायचाही. चाळीस वर्षं मेंढरांमागं गेलेली बाई. मेंढी कितीही आडमुठी असो, गोजाबाईनं तिला मांडीशी धरली, अंगठा दुमडून सडावर ठेवला, की ती दूध देणार म्हणजे देणार. वळसंगच्या आसपासचे धनगर आपली अडलेली जनावरं ओढत तिच्याकडं आणायचे. तिचा नवरा आण्णा तर चारचौघांत छाती काढून म्हणायचा, की आमच्या हिनं दगडाला हात लावला तर दगडबी पान्हावंल. गोजाबाई वरवर रागवायची आणि आतून फुलायची.

आणि अशा बाईच्या हातांनी ऐन गरजेच्या वेळी दगा दिला, तोही घरच्याच माणसापाशी.

धाकटा मुलगा बिरदेव, त्याची बायको मायाक्का. पहिलटकरीण. आठवा महिना लागतो न लागतो तोच ती बाळंत झाली. मुलगा झाला, पण एवढासा, की गोजाबाईच्या ओंजळीत मावला. डोळे मिटलेले, कातडी सुरकुतलेली, आवाज जेमतेम. गावच्या सुईणीनं मान हलवली. गोजाबाईनं मात्र मान हलवायला वेळच घेतला नाही. बैलगाडीत पेंढा पसरला, सून घातली, पोर आपल्या चोळीत उराशी बांधलं आणि सोलापुरात बायकांच्या दवाखान्यात आणून सोडलं.

तिथं सुंदरम्मा नावाची नर्स होती. विणकराच्या घरची तेलुगू बाई, पण मराठी अशी बोलायची की रागवायचं असलं तर कुठं अडायचं नाही. तिनं पोराला कापसात गुंडाळून एका लाकडी पेटीत ठेवलं, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, आणि सांगून टाकलं की ह्याच्या अंगात चोखायचं बळ नाही. आईचं दूध पिळून काढायचं आणि दर दोन तासांनी थेंब थेंब जिभेवर सोडायचं. तेवढं जमलं तर पोर जगेल. गोजाबाईनं विचारलं की आमच्याकडं मेंढ्या आहेत, त्यांचं दूध आणू का. सुंदरम्मानं हातच झटकला. ते ह्याच्या आतड्याला पेलायचं नाही, ते नाव काढू नका, म्हणाली.

सात दिवस सुंदरम्मा स्वतःच्या हातानं चमचा चमचा काढत राहिली. गोजाबाईला तेव्हा ती आत येऊ देत नसे. म्हातारीनं बाहेर ओसरीवर बसायचं आणि पोराचा आवाज येतो का ऐकायचं. आठव्या दिवशी मायाक्काच्या छातीत गाठी झाल्या. ताप चढला, छाती फुगून टणक झाली, आणि सुंदरम्मानं कितीही चेपलं तरी चमच्याचा तळ झाकेना.

मग गोजाबाई उठली. पदर खोचला. सरका बाजूला, म्हणाली, ही कामं आमची. आणि तिनं सुनेला हात लावला, जसा आजवर मेंढीला लावत आली तसा. मायाक्का अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणी उठून बसल्या. दूध एक टिपूस आलं नाही. सुंदरम्मानं म्हातारीचं मनगट धरून तिला दाराबाहेर काढलं. गोजाबाई ओसरीवर बसली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण आत पेटीतलं पोर उपाशी होतं.

थोड्या वेळानं सुंदरम्मा बाहेर आली. राग उतरला होता तिचा. हातात चिठ्ठी दिली आणि म्हणाली, नव्या पेठेत जा, कासीमच्या दुकानात दूध काढायचा काचेचा पंप मिळतो. आमच्याकडचा फुटला. पारखून आणा, रबर वाळलेलं असलं तर उपयोग नाही.

नव्या पेठेत माणसांची झुंबड. गोजाबाई विचारत विचारत पोचली. कासीमच्या दुकानात कंदिलाच्या काचा टांगलेल्या, खाली औषधाच्या बाटल्या, रबरी पिशव्या, पिचकाऱ्या. कासीमनं चिठ्ठी वाचली आणि गडी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पडद्याकडं तोंड करून त्यानं आईला हाक मारली आणि आपण जाऊन रस्त्यावर उभा राहिला, जणू त्याचं आणि ह्या दुकानाचं काही नातंच नाही.

त्याची आई बिबीजान पडद्याआडून आली. सहा लेकरांची आई, तिला कसली लाज! तिनं पेंढ्यातून पंपाच्या दोन तऱ्हा काढून फळीवर मांडल्या. पहिल्या तऱ्हेला काचेची वाटी आणि तिला लांब नळी. नळीचं टोक बाळंतिणीनं आपल्याच तोंडात धरायचं, ओढायचं, म्हणजे दूध वाटीत उतरतं. गोजाबाईनं ते ऐकलं आणि ती तऱ्हा हातानं लांब सारली. बिबीजाननं समजावलं की दूध तोंडात येत नाही, वाटीतच राहतं. पण म्हातारी ऐकेल तर शपथ. कळपात एखादी शेळी मान वळवून आपलीच कास चोखायला शिकली, की ती दुसऱ्या दिवशी बाजारात उभी असायची. अशी एक लाखमोलाची शेळी तिनं मोडनिंबच्या बाजारात विकून टाकली होती. ते लक्षण सुनेला लावायचं म्हणजे काय?

दुसरी तऱ्हा साधी होती. पुढं कर्ण्यासारखं पसरट काचेचं तोंड, खाली दूध साठायला फुगवटा, मागं लाल रबराचा फुगा. असे तीन नग होते. बिबीजाननं युक्ती दाखवली. फुगा दाबायचा, काचेचं तोंड गालाला लावायचं, फुगा सोडायचा. धरलं तर माल चांगला. गोजाबाईनं पहिला लावला, तो सुटून पडला. रबराला चिरा होत्या. दुसऱ्यानं धरल्यासारखं केलं आणि सोडलं. तिसऱ्यानं मात्र म्हातारीचा गाल असा ओढून घेतला की तिनं हात काढला तरी पंप गालाला लोंबत राहिला. हाताची पकड नाही, दात नाहीत, दोर नाही, आणि तरी ओढतंय. आत तर नुसतं वारं. गोजाबाई हबकून गेली. कोण ओढतंय हे, तिनं विचारलं. बिबीजान पदरात तोंड लपवून हसली आणि मग दोघीही हसल्या. तिसरा पंप पदरात बांधून गोजाबाई निघाली, गालावर लाल वर्तुळ घेऊन. ते संध्याकाळपर्यंत गेलं नाही.

सुंदरम्मानं पंप उकळत्या पाण्यातून काढला, मायाक्काच्या छातीला गरम पाण्याच्या घड्या दिल्या आणि काच लावली. ह्या वेळी गोजाबाईला आत राहू दिलं, कारण सून तिचा हात सोडेना. फुगा दाबला, सोडला. दाबला, सोडला. काचेनं धरलं, ओढलं, आणि आलं काही नाही. काच कोरडीच राहिली. मायाक्काच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. आपलं काहीतरी चुकलं असं तिचं तोंड झालं होतं.

गोजाबाई बघत होती. आणि अचानक तिच्या ध्यानात आलं, की अगं, हे तर आपल्याला ठाऊक आहे! कोकरू दूर नेलं की मेंढी पान्हा चोरते. कास भरलेली, तटतटलेली, आणि दूध वर चढवून ठेवलेलं. तिथं हात काय करणार आणि काच काय करणार? मायाक्काला ताप आल्यापासून पोर तिच्या नजरेला पडलं नव्हतं. पेटी दुसऱ्या खोलीत होती.

पोर इकडं आणायचं नाही, वारं लागेल, असं सुंदरम्मानं बजावलं. गोजाबाई म्हणाली, पोर नको, त्याच्या अंगाखालचं फडकं द्या. सुंदरम्मानं भुवया वर केल्या, पण फडकं आणून दिलं. गोजाबाईनं ते ऊन ऊन फडकं सुनेच्या नाकापाशी धरलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळू सांगितलं, की ह्याला भूक लागलीया गं, तुझी वाट बघतोय.

मायाक्कानं फडक्यात तोंड खुपसलं. एकदा श्वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला. तिचे खांदे सैल पडले.

आणि आलं. आधी एक मणी उभा राहिला, पिवळसर. तो घरंगळला. मग दुसरा. आणि मग, सुंदरम्मानं फुगा नुसता धरून ठेवला होता, दाबलाही नव्हता, तेव्हा काचेच्या आत बारीक बारीक धारा उडाल्या. एक नव्हे. मेंढीच्या सडाला एक भोक, एक धार. इथं पाच होत्या, सहा होत्या, वेगवेगळ्या दिशांनी, केसाएवढ्या बारीक, आणि काचेवर आपटून खाली उतरत होत्या. गोजाबाईनं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पाच लेकरांना अंगावर पाजलेली बाई ही. मेंढीचं दूध तिनं घागरींनी बघितलं होतं, पण बाईचं दूध, स्वतःचं दूध, तिनं जन्मात बघितलं नव्हतं. ते पदराखाली अंगातून निघायचं आणि तोंडात जायचं, मधे कुणाची नजर नाही. आज ते काचेत होतं, उजेडात, आणि येतच होतं. इतकी वर्षं हे आपल्यातून वाहत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. तिनं हात जोडले. कुणाला, ते तिला सांगता आलं नसतं.

पोराच्या जिभेवर त्या दिवशी पोटभर थेंब पडले. रात्रीत मायाक्काचा ताप उतरला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरम्मानं पुन्हा दूध काढलं, ह्या वेळी भरपूर आलं, आणि तिनं ते पंपातून काचेच्या पेल्यात ओतलं. पोराला पाजून उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं होतं. पेला तिनं खिडकीपाशी उचलून धरला. गोजाबाईनं बघितलं, आणि ती जवळ सरकली.

दूध पातळ होतं. नुसतं पातळ नाही, निळसर होतं. पेल्यापलीकडची सुंदरम्माची बोटं त्यातून दिसत होती. मेंढीचं दूध भांड्याला धरून राहतं, भांडं विसळावं लागतं. हे काचेवरून उतरलं आणि काच स्वच्छ. आदल्या दिवशी पिवळसर धारांच्या नादात तिला हे दिसलंच नव्हतं. दुधाच्या बाबतीत गोजाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे दूध नव्हे, पाणी होतं.

आणि तिची थोरली डोळ्यांपुढं उभी राहिली. थोरली मुलगी, जिचं नाव घरात कुणी घेत नसे. गोजाबाई तेव्हा सोळा वर्षांची. तीही पोर अशीच अशक्त जन्मली होती. सासूनं, म्हाळसाबाईनं, गोजाबाईच्या लुगड्यावर सांडलेल्या दुधाचा डाग बघितला, बोटानं चोळला आणि म्हणाली, ह्यात काय हाय, पानीच की. मग पोरीला मेंढीचं दूध सुरू केलं. बाराव्या दिवशी पोर गेली. म्हाळसाबाई म्हणाली, उशीर झाला, आईच्या दुधात आधीच कस नव्हता. गोजाबाईनं ते मानलं. पुढं चार लेकरं झाली आणि जगली, तरी दर वेळी पाजताना तिच्या मनात यायचं, की हेही पाणीच असेल. थोरली आपल्या दुधानं गेली, हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. पण विसरलीही नव्हती.

आता नातवाच्या बाबतीत उशीर होऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. सुंदरम्माला पुस्तकं कळत असतील. दूध आपल्याला कळतं. शहराबाहेर माळावर आण्णा मेंढरं घेऊन उतरला होता. एका गाडीवाल्याबरोबर तिनं निरोप धाडला. दुपारी आण्णा तांब्या भरून दूध घेऊन आला, ताजं, फेसाळ. गोजाबाईनं तो पदराखाली घेतला आणि आत गेली. सुंदरम्मा दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात अडकली होती. पेला कोनाड्यात गार पाण्याच्या परातीत ठेवलेला होता, वर फडकं. पेल्यातलं मोरीत ओतायचं, मेंढीचं त्यात भरायचं, दोन तासांनी सुंदरम्मा तेच पाजेल. कळणारही नाही कुणाला.

मायाक्का जागी होती. तिनं तांब्या बघितला. धनगराची लेक, तिला वासावरून कळलं आत काय आहे ते. सासूपुढं कधी चार शब्द न बोललेली पोर ती. उशीवरून मान उचलून तिनं विचारलं,

"आत्याबाई, माझं दूध वाईट हाय व्हय?"

हाच प्रश्न, ह्याच शब्दांत, तिनं म्हाळसाबाईला विचारला होता. म्हाळसाबाईनं पाठ फिरवली होती. आता गोजाबाईही पाठ फिरवून कोनाड्याकडं गेली आणि तिनं पेल्यावरचं फडकं उचललं.

पेल्यात वर पिवळसर पट्टा होता.

आधी तिला वाटलं की कुणीतरी आपल्या आधी येऊन काहीतरी मिसळलंय. तिनं पेला परातीतून उचलून खिडकीशी नेला. खाली ते निळसर पाणी तसंच होतं. पण वर, चांगला बोटभर, दाट, लोण्याच्या रंगाचा थर आला होता. तिनं पेला कलता केला. थर काचेला धरून राहिला. करंगळीचं टोक बुडवून तिनं बोटावर बोट घासलं, आणि स्निग्धपणा तिच्या कातडीला लागला. साय होती ती. न तापवता, न विरजता, गार पाण्यात नुसतं ठेवल्यावर आलेली. तिनं तांब्यात डोकावलं. मेंढीचं दूध वरून खालपर्यंत एकसारखं होतं. ते दिवसभर ठेवलं तरी असा पट्टा धरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

हे सगळं त्यातच होतं. मघाशी, सकाळी, आपण पाणी म्हणून नाक मुरडलं तेव्हाही त्यातच होतं, फक्त दिसत नव्हतं. त्याला थोडा वेळ स्वस्थ उभं राहू द्यायचं होतं, एवढंच.

सुंदरम्मा हात पुसत आली तेव्हा गोजाबाई पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. तांब्या जमिनीवर, उघडाच. सुंदरम्मानं तांब्याकडं बघितलं, म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं, आणि रागवायचं विसरून गेली. गोजाबाईनं पट्ट्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. सुंदरम्मा म्हणाली, दुधातली चरबी. आधी पातळ उतरतं, मागून दाट येतं, ठेवलं की साय वर येते. पाजताना हलवून घ्यायचं.

"सगळ्या बायांचं असतंय असं?" गोजाबाईनं विचारलं.

"सगळ्यांचं."

"माझंबी असंल?"

सुंदरम्माला ह्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिनं पेला घेऊन गोल गोल हलवला, पट्टा दुधात मिसळला, आणि जाता जाता म्हणाली, "तुमचं काय वेगळं असणार, आजी?"

गोजाबाई सुनेच्या खाटेपाशी जाऊन खाली बसली. मायाक्काचा हात घेऊन तिनं आपल्या कपाळाला लावला. तुझं दूध लई चांगलं हाय, म्हणाली, आणि रडायला लागली. मायाक्का घाबरून गेली. सासूला रडताना तिनं कधी बघितलं नव्हतं.

पोर जगलं का, असं विचाराल, तर जगलं. दहा दिवसांनी स्वतः चोखायला लागलं आणि पंप पुन्हा पेंढ्यात बांधून ठेवला. त्याची काळजी करू नका.

त्या दुपारी गोजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा आण्णा लिंबाखाली बसला होता. तांब्या भरलेलाच बघून तो उठला, घाईघाईनं विचारू लागला की काय झालं, घेतलं न्हाय का पोरानं. गोजाबाईनं तांब्या त्याच्या हातात दिला.

"आपली थोरली माझ्या दुधानं न्हाय गेली," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांनी थोरलीची गोष्ट दोघांच्या मधे निघाली होती. आण्णाला काही सुधरेना. तो म्हणाला, "म्या कवा म्हणलं तसं?"

"तुमी न्हाय. मीच म्हणत हुते."

आण्णा खाली बसला. तीही त्याच्याजवळ बसली. मग आतून सुंदरम्माची हाक आली, की पुढचं दूध काढायची वेळ झाली, पोराचं फडकं धरायला आजीला आत या म्हणावं. गोजाबाईनं डोळे पुसले आणि ती उठली.